आभाळ डोंगराला भरते तेव्हा

सह्याद्रीत भटकायला जायचे म्हटले की आपल्याकडच्या हौशी मंडळींना दोनच हंगाम आठवतात. एक श्रावणाचा, कारण तेव्हा धबधबे असतात. आणि दुसरा पौषाचा, कारण तेव्हा घाम येत नाही. चैत्राचे नाव काढले की लोक तुमच्या प्रकृतीची चौकशी करू लागतात. "या उन्हात? आणि डोंगरात?" दिवाळीच्या फराळाचे ताट पुढ्यात असताना चैत्रातल्या उन्हाची गोष्ट सांगणे थोडे अवेळीच आहे, हे मला कळते. पण वाचकहो, बेत करायला पाच महिने हाताशी असलेले बरे.

एक तर चैत्रात डोंगर उघडाबोडका असतो हा समज खोटा आहे. घाटमाथ्यावरच्या सदाहरित रानात याच दिवसांत पालवी फुटते, आणि ती हिरवी नसते. तांबूस, पोपटी, कुठे पितळेच्या भांड्यासारखी पिवळसर असते. अंजनीच्या फांद्यांना बुंध्यापासून निळ्याजांभळ्या फुलांचे घोस लगडतात. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी आणि हिरव्या फळांनी एकदमच भरतात. आणि दुसरे म्हणजे, चैत्रात आभाळ रिकामे नसते. सकाळी लख्ख ऊन, बाराला वाऱ्याची दिशा बदललेली, दोनला डोंगरामागून कापसाच्या गंज्या चढलेल्या, तीनला अंधार आणि पाचला पुन्हा ऊन, असा सगळा खेळ एकाच दिवसात होतो. श्रावणातल्या पावसाचा एक सूर ठरलेला असतो. वळवाचे तसे नाही.

हा खेळ पाहायला मी निवडलेली वाट आहुप्याहून भीमाशंकरची. पण तिच्याविषयी बोलण्याआधी निरगुडसरविषयी सांगितले पाहिजे, कारण हा पाऊस मला समजला तो निम्मा तिथे.

निरगुडसर हे आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातले, घोड आणि मीना यांच्या खोऱ्यातले गाव. नावात निरगुडी असली तरी आज शिवारात दिसतात ते कांदा, ऊस आणि तरकारी. इथून पश्चिमेला डोंगर दिसतो तो निळसर रेघेसारखा. आमच्या मामांच्या वावरात मी पोचलो तेव्हा उन्हाळी कांदा उपटून पडलेला होता. पात सुकेपर्यंत तो वावरातच ठेवतात, मग पात कापून वखारीत भरतात. मधल्या त्या चार-सहा दिवसांत वरून पाणी पडले तर कांदा वखारीत सडतो. त्यामुळे चैत्रात इथला शेतकरी बोलतो तुमच्याशी, पण नजर त्याची मावळतीकडे असते.

"मामा, उद्या आहुप्याला मुक्कामाला जातो म्हणतो. परवा तिथून भीमाशंकरपर्यंत चालत."

मामांनी डोळ्यांवर हात धरून डोंगराकडे पाहिले. "जा की. पर दुपारच्या आत कड्यावरनं खाली रानात घुस. चार दिस झालं, वरच्या अंगाला आभाळ भरतंय."

"इथे तर कडक ऊन आहे."

"हितं ऊनच असतंय. भरतं वर, आन् सांजच्याला येतं हिकडं. आमी काय आभाळ बघत नाय बाबा, डोंगुर बघतो."

मामांचे हे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. चैत्र-वैशाखात दख्खनचे पठार तापते. समुद्रावरची दमट हवा दुपारच्या सुमारास कोकण ओलांडून सह्याद्रीला येऊन भिडते आणि कड्यामुळे तिला वर चढावेच लागते. वरच्या थरात त्याच वेळी उत्तर-वायव्येकडून आलेली कोरडी हवा असते. खाली दमट, वर कोरडी आणि तळाशी तापलेली जमीन असा योग जुळला की ढग उभा वाढू लागतो, तासा-दोन तासांत काही किलोमीटर उंच होतो, आणि इतक्या उंचीवर त्यात गारा धरतात. पुढे वरच्या वाऱ्याबरोबर तो बहुधा पूर्वेकडे सरकतो. म्हणजे आहुप्याच्या माथ्यावर दुपारी जमलेल्या ढगाची वसुली संध्याकाळी खालच्या कांदेवाल्यांकडून व्हायची. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, तिची आठवण काढताना मामा अजून आवाज खाली आणतात.

पाण्याचेही तेच. निरगुडसरच्या खोऱ्यातली घोड नदी उगवते ती आहुप्याजवळ, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर. आणि भीमा उगवते भीमाशंकरला. दोन उगमांमध्ये सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटर अंतर. वाटेने त्याहून बरेच जास्त. घोड पुढे जाऊन भीमेलाच मिळते. तेव्हा ही एका दिवसाची चाल म्हणजे लेकीच्या घरून आईच्या घरी जाणे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मंचर, घोडेगाव, डिंभे आणि मग आहुपे, अशी एस.टी. जाते. डिंभ्याला धरणाची भिंत लागते. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. विदेशी कापडाच्या मोटारीपुढे १९३० च्या डिसेंबरात मुंबईत आडवा झालेला तो गिरणी कामगार याच तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते आंबेगाव या जलाशयाच्या पोटात गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे, आणि आंबेगाव आता फक्त कागदोपत्री आणि पाट्यांवर. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाचे अवशेष वर येतात. गाडीतल्या एका म्हाताऱ्याने काचेतून बोट दाखवले, बोलला मात्र काही नाही.

त्याच रस्त्याला पुढे माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा सुटून गाव गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. गाव जागेवर नाही ही वार्ता पहिल्यांदा बाहेर नेली ती एस.टी.च्या चालकाने. आता जवळच नवे माळीण वसवलेले आहे. पावसावर लिहायला निघालेल्या माणसाने या वळणावर थोडे गप्प बसावे. गाडीतली माणसेही इथे गप्पच असतात.

आहुपे हे घाटमाथ्यावरचे शेवटचे गाव. महादेव कोळ्यांची वस्ती. गावाच्या पश्चिमेला दहा-पंधरा मिनिटे चालले की जमीन संपते. खाली एकदम मुरबाडचे कोकण, समोर गोरख आणि मच्छिंद्र हे दोन सुळके, डाव्या हाताला सिद्धगड. त्या सिद्धगडच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. सकाळी साडेसहाला मी कड्यावर उभा होतो तेव्हा खालच्या कोकणावर दुधासारखे धुके होते आणि दगड हाताला गार लागत होता. ज्यांना चैत्राच्या उन्हाची भीती वाटते त्यांनी ही वेळ साधावी. नऊपर्यंत अंगावर पातळ शाल घेतली तरी चालते.

गावाला लागून भैरवनाथाची देवराई आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया पायाखाली घातल्या आणि त्यांचे मोल शास्त्राच्या भाषेत मांडले. गावकऱ्यांना ते मोल दुसऱ्या भाषेत आधीपासून ठाऊक होते. देवाच्या रानातली काटकीही घरी न्यायची नाही एवढाच त्याचा मजकूर. आत शिरलो तेव्हा बाहेरचा उजेड एकदम निम्मा झाला. गारंबीचे वेल मांडीएवढे जाड, या झाडावरून त्या झाडावर गेलेले. पायाखाली पाचोळा इतका दाट की पाऊल वाजत नव्हते. बाहेरचे रान पेटत्या चैत्रात असताना इथे माती ओली होती. मूठभर उचलून पाहिली, तर तिला पावसाळ्याचा वास होता.

माझ्याबरोबर गावातला एक तरुण वाटाड्या होता. वाटाड्या घ्याच, असे मी आग्रहाने सांगेन. हे सारे रान आता भीमाशंकर अभयारण्यात मोडते, १९८५ पासून. तेव्हा वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, मळलेल्या वाटेनेच गेले पाहिजे. शिवाय गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा यांतला फरक आपल्याला कळत नाही. गुरांच्या वाटा पाण्यापर्यंत जाऊन संपतात.

कड्याकडेने दक्षिणेकडे निघालो. वाळलेल्या कारवीच्या काटक्यांमधून वाट जाते. ही कारवी काही वर्षांनी एकदाच, पण सारा डोंगर मिळून फुलते. एरवी तिचा उपयोग घराच्या कुडाला. दहाच्या सुमारास पावशाने ओरडायला सुरुवात केली. "पेरते व्हा" म्हणतो म्हणे, पण चैत्रात त्याची घाई अंमळ जास्तच वाटते. मग झाडी दाट झाली आणि डोक्यावर फांद्या खसखसल्या.

शेकरू! आपल्या राज्याचा मानाचा प्राणी. शाळेच्या पुस्तकातले त्याचे चित्र आणि प्रत्यक्ष शेकरू यांत जनावराच्या रंगाचा फार फरक पडतो. पाठ पिकल्या खारकेसारखी, पोट साईसारखे, आणि शेपूट अंगापेक्षा लांब. हे अभयारण्य मुख्यतः त्याच्यासाठीच झाले. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. त्याचा सगळा संसार फांद्यांवर, आणि एका जोडीची घरटी एकाहून अधिक. वाटाड्याने मला एकाच ओळीत तीन घरटी दाखवली. दोन झाडांमध्ये वीसएक फूट मोकळी जागा होती. शेकराने ती एका झेपेत ओलांडली. झाडाला झाड लागलेले असेल तरच हा प्राणी जगतो. मध्ये एक रुंद रस्ता गेला की रानाचे दोन तुकडे, आणि त्याच्या दृष्टीने ती दोन बेटे.

साडेअकराला वारा पडला. रानात हे फार पटकन कळते, कारण पाने एकाएकी थांबतात. मग पुन्हा वारा सुटला तो पश्चिमेकडून, थोडा खारट म्हणावा असा. एका मोकळ्या सड्यावर येऊन मागे पाहिले, तर सिद्धगडाच्या डोक्यावर ढग उभा राहिलेला. बुंध्याशी करडा, माथ्यावर फुलकोबीसारखा पांढरा.

इथे चार शब्द कामाचे. वळवाच्या दिवसांत कड्याची धार, उघडा सडा आणि एकटे झाड या तीन जागा दुपारी टाळायच्या. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि तिनाने भागावे. वीज किती किलोमीटरवर आहे ते कळते. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाची सोय मोबाइलवर करून दिली आहे, विजेची पूर्वसूचना देणारी. ती घरी उतरवून घ्यावी. मात्र या रानात बहुतेक ठिकाणी मोबाइलला हुंकारही येत नाही, तेव्हा मोजता येणे हे जास्त भरवशाचे. आम्ही पहिला गडगडाट ऐकला तेव्हा माझे मोजमाप सत्तावीसपर्यंत गेले होते. नऊ किलोमीटर. वाटाड्याने मोजले नाही. तो म्हणाला, "कोंढवळ गाठू," आणि पळत्या पायांनी निघाला.

कोंढवळच्या पहिल्या घराशी पोचलो तेव्हा कोणी आमचे स्वागत करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. अंगणात, घरामागच्या कातळावर, गोठ्याच्या पत्र्यावर, जिथे सपाट जागा तिथे हिरडा वाळत घातलेला होता आणि घरातली सगळी माणसे तो गोळा करायला धावत होती. म्हातारा घमेले घेऊन, सुना पाट्या घेऊन, पोरे हातांनीच. एक मावशी कातळावर बसून खराट्याने हिरडा ओढत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. नुसते एक रिकामे पोते आमच्या दिशेने फेकले. आम्ही पाठीवरचे ओझे टाकले आणि भरू लागलो.

हिरडा म्हणजे त्रिफळा चूर्णातला तिसरा भागीदार, एवढीच शहरातल्या माणसाची त्याच्याशी ओळख. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात तो वर्षाचा रोकडा आहे. पावसाळ्यातला भात घरी खायला पुरला तर पुरतो. मिठापासून शाळेच्या दप्तरापर्यंत जे विकत घ्यायचे ते हिरड्यावर. त्यातही मोल आहे ते बाळहिरड्याला, म्हणजे कोवळेपणीच उतरवलेल्या, आठळी न धरलेल्या फळाला. तो झाडावर चढून झोडपून पाडायचा, वेचायचा आणि कडक उन्हात आठवडाभर वाळवायचा. हिरवा हिरडा काळा कुळकुळीत आणि दगडासारखा टणक झाला की माल तयार. आदिवासी विकास महामंडळ आणि व्यापारी दोघेही तो घेतात. वाळताना पाणी लागले तर मात्र बुरशी धरते, आणि मग व्यापारी हातात घेऊन नुसता वास घेतो आणि भाव सांगतो. त्या भावात झाडावर चढण्याची मजुरीही सुटत नाही.

आमची चार पोती आत गेली आणि पाऊस आला. आधी थेंब, मग गारा, बोराएवढ्या. पत्र्यावर असा आवाज की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. अंगणातल्या धुळीचा जो वास उठला तो कोणाही कवीला वेडा करील असा होता. माझ्या तोंडून "वा!" निघून गेले असावे, कारण मावशी माझ्याकडे वळल्या.

"पावनं, तुमाला पाऊस ग्वाड लागतो. आमाला बी ग्वाड लागतो. पर जूनमदी."

त्या रागावल्या नव्हत्या. चुलीवर चहाचे आधण ठेवता ठेवता बोलल्या. पण दाराशी राहिलेल्या शेवटच्या ढिगाकडे, जो आत घ्यायला सवड मिळाली नव्हती आणि ज्यावर गारा पडून उसळत होत्या, त्यांचे डोळे लागलेले होते. वीस मिनिटांत पाऊस थांबला. गारांचा पांढरा थर विरघळला, ऊन पडले, समोरच्या झाडावर शेकरू पाणी झटकत ओरडू लागले. मावशी उठल्या आणि भिजलेल्या ढिगातला एकेक हिरडा फडक्याने पुसून निराळ्या सुपात टाकू लागल्या.

"किती गेला असेल?" मी विचारले.

"हा? ह्यो पायलीभर आसंल. ह्याचं काय न्हाई. त्या वादळाच्या साली झाडंच गेली."

ते साल २०२०. ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ कोकणातून सह्याद्री चढून आले आणि आंबेगाव-जुन्नरच्या या भागातला झाडावरचा, अंगणातला हिरडा तर गेलाच, पण पिढ्यान् पिढ्या पोसलेली झाडे उन्मळून पडली. सरकारी पंचनामे झाले. पण हिरडा ठरला रानातला माल. शेतातल्या पिकासाठी आखलेल्या भरपाईच्या चौकटीत तो सहजासहजी बसेना, आणि हक्काच्या पैशासाठी इथल्या आदिवासींना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. माझ्या मते ही चौकटच चुकीची आहे. कांद्याला पाऊस लागला तर तो नुकसान, आणि त्याच ढगाने वर हिरडा भिजवला तर तो निसर्गाचा नियम, हे गणित निरगुडसरच्या माणसालाही पटणार नाही. मी मामांना नंतर विचारले, नाही पटले.

चहा झाला. पैसे देऊ केले ते मावशींनी घेतले नाहीत, पोराच्या हातात ठेवले तेही परत आले. शेवटी वाटाड्याने सुचवल्याप्रमाणे एक किलो वाळला हिरडा विकत घेतला. तो मात्र त्यांनी नीट तोलून, वर चार हिरडे टाकून दिला.

पुढची वाट भट्टीच्या रानातून. पाऊस पडून गेलेल्या जंगलात चालणे हे या दिवसाचे खरे सुख. झाडे अजून गळत होती, म्हणून ऊन असूनही पाऊस चालूच होता. जांभळीच्या मोहोरावरून ओघळलेले पाणी डोक्यावर पडे. दूर ओढ्याच्या बाजूला शीळकरी कस्तूर शीळ घालत होता, एखादे पोर गुरांमागे रमतगमत जाताना घालते तशी, सूर न लागलेली पण मन लावून. वाटेवरची लाल माती निसरडी झालेली. चामडी तळव्याच्या जोड्याने मी दोनदा बसलो. वाटाड्या टायरच्या चपलेत हरणासारखा चालत होता.

चार वाजून गेले तेव्हा देवळाची घंटा ऐकू आली. भीमाशंकरची प्रसिद्ध मोठी घंटा चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर आणलेली, पोर्तुगिजांची. रोज वाजते ती हीच की दुसरी, हे मी विचारत बसलो नाही. दाट झाडीत, एका खळग्यासारख्या जागेत ते हेमाडपंती घडणीचे जुने देऊळ आहे. नाना फडणिसांनी त्याचे शिखर बांधवले. ज्योतिर्लिंग म्हणून इथे वर्षभर रीघ असते, आणि मोटारीने येणारी बहुतेक मंडळी दर्शन घेऊन, भजी खाऊन परततात. पाचशे पावलांवर सुरू होणारे रान त्यांना दिसत नाही. त्या रानाच्या दृष्टीने हे बरेच आहे म्हणा.

भीमेच्या उगमाशी पाणी बोटभर होते. दुपारच्या पावसाने ते गढूळले असेल असे मला वाटले होते, पण स्वच्छ होते. ओंजळभर तोंडावर मारून घेतले आणि घाईने एस.टी. गाठली, कारण संध्याकाळची गाडी चुकली की मुक्काम.

गाडीत खिडकीशी एक बाई दोन पोती घेऊन बसली होती, घोडेगावच्या बाजाराला. गाडी सुटण्याआधी तिने वाहकाला विचारले, "खाली पाऊस हाय का वो?"

"घोडेगावला न्हाई. मंचरच्या पुढं लागलाय म्हणत्यात."

तिने पोत्याचे तोंड पुन्हा एकदा आवळून बांधले. मंचरच्या पुढे म्हणजे निरगुडसरच्या अंगाला. मी खिशातला मोबाइल काढला. अजून हुंकार नव्हता. राजगुरुनगर आणि घोडेगावच्या रस्त्यांचा फाटा येईपर्यंत तो तसाच हातात धरून बसलो.